चंपाआत्याच्या रानातली कॉफी

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१ डिसेंबर २०२४

अपू,

तू माझा नंबर ब्लॉक केलायस, म्हणून पत्र. आश्रमशाळेचा पत्ता मला पाठ आहे, तुझ्या नेमणुकीचा अर्ज मीच भरला होता. कागदाचा वरचा भाग फाडलेला दिसेल. तिथं आपल्या संस्थेचं नाव छापलेलं असतं, ‘उंबरदरा आदिवासी कॉफी उत्पादक सहकारी संस्था’. ते बघून तू न वाचताच फेकशील असं वाटलं.

कामाचंच लिहिते. चंपाआत्याच्या रानाचं काय करायचं? वनहक्काचा पट्टा आता तुझ्या नावावर व्हायला पाहिजे, त्याला तुझी सही लागेल. साडेतीनशे झाडं आहेत. ऑगस्टमध्ये ती गेली तेव्हा फळं हिरवी होती, आता लाल होऊन लोंबायला लागलीत. संस्था ती घेऊ शकत नाही, हे तुला माहीत आहे. जानेवारी २०२३ मध्ये फवारणीच्या कारणावरून आत्याला सभासदत्वातून काढलं. तेव्हापासून तीन वर्षं त्या रानातला माल सेंद्रिय म्हणून चालत नाही. नियम मी केलेला नाही.

मातीच्या दिवशी तू सगळ्यांसमोर मला म्हणालीस, ‘मायनं चूक केली आसल, पण तुमी तिला माणसांतनं उठवलं.’ लोक होते. पण तू तरी दीड वर्षं तिच्याशी बोलत नव्हतीस आणि आलीस ती मातीलाच, हे त्या दिवशी ओठांवर आलं होतं. आता लिहून टाकलं. खोडणार होते, पण कागद एकच उरलाय.

झाडांचं काय ते कळव.

विशाखा


मुकुंदवाडी
१२ डिसेंबर २०२४

अपू,

हे पत्र कामाचं नाही. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून तुला लिहिते.

मी इथं चिकलठाण्याच्या शेडमध्ये काय करते, ते तू कधी पाहिलं नाहीस. उंबरदऱ्याहून वाळवलेल्या बिया गोण्यांत येतात. प्रत्येक सभासदाच्या गोणीतली मूठभर मी आधी वेगळी भाजते, दळते, गरम पाण्यात टाकते आणि चमच्यानं ओढून चव घेते. मोठ्यानं सुर्रकन ओढावं लागतं. बा हसतात, म्हणतात, ‘हेच शिकाया शहरात गेलीस व्हय?’ पण नऊ वर्षं हे केल्यावर डोळे झाकून सांगते, कुणाच्या रानातली आहे. आमच्या बाची कॉफी भाजलेल्या शेंगदाण्यासारखी लागते. सारजाकाकूची गुळमट, जराशी मातकट. आत्याची सगळ्यांत वेगळी होती. तिचं रान सगळ्यांत वर, जांभळीच्या सावलीत, तिथं फळ सावकाश पिकतं. पहिल्या घोटाला करवंद फोडल्यासारखं लागायचं. जर्मनीचे खरेदीदार आले होते तेव्हा त्यांनी तिच्याच कपाला पुन्हा पुन्हा चमचा लावला होता, आणि आत्या दाराशी उभी राहून पदराआड हसत होती.

मंगळवारी बाची गोणी आली. मी चमचा ओढला आणि करवंद लागलं.

कप बदलला असेल म्हणून पुन्हा केलं. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी ताज्या बिया भाजल्या. शेंगदाणा होताच, पण खाली करवंद होतं. अपू, आत्याला जाऊन चार महिने झाले. तिच्या झाडांना कुणी हात लावत नाही, असं बा फोनवर म्हणाले होते.

अजून एक सांगते आणि थांबते. शेडच्या शटरबाहेर कुणीतरी खोकतं. कोरडा, दोनदा, मधे थांबून पुन्हा एकदा. मी जाऊन बघते तर समोर टेम्पोवाले माल चढवत असतात, त्यांच्यातलं कुणी खोकत नसतं. हे भर दुपारी होतं. सोबतच्या फहमिदाला विचारलं, ‘तुला ऐकू येतं का?’ ती म्हणाली, ‘दीदी, आप थोडा सो लिया करो.’

विशाखा


उंबरदरा
२१ डिसेंबर २०२४

अपू,

काल कन्नडच्या पहिल्या एसटीनं निघाले, तिथून जीप, घाटाखालून चढ. तू चढताना मधल्या खडकावर बसायचीस तिथं आता रेलिंग केलंय.

बा फळांचा गर काढायच्या यंत्राचं हँडल फिरवत होते. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. म्हटलं, ‘बा, तुमच्या गोणीत आत्याची फळं कशी आली?’

ते फिरवतच राहिले. मग ‘चल’ म्हणाले आणि मला वर घेऊन गेले, त्यांचं रान आणि आत्याचं रान यांच्यामधल्या दगडी बांधापाशी. बांधावर टोपली होती. पळसाच्या पानांनी झाकलेली. आत लालभडक फळं, एकही हिरवं नाही, एकही सुकलेलं नाही. तुझी माय तोडायची तशी, एकेक फळ पारखून.

‘तिला काढलं त्या सालापासनं ती हितं टोपली भरून ठिवायची,’ बा म्हणाले. ‘मी उचलायचो, माझ्या फळात मिसळायचो. तिच्यासाठी मीठ, दाळ ठिवायचो. ती उचलायची. बोललो नाय आमी. सख्खी बहीण, पर दोन हंगाम बोललो नाय.’

मागचे दोन हंगाम बाच्या कपात करवंद पुसट लागायचं, शेजारच्या रानामुळं असेल असं मी मनाला सांगायचे.

‘पण आता ती नाही, बा.’

‘नाय.’

‘मग ही टोपली?’

त्यांनी पानं सारखी केली. ‘पयल्या दिशी मी टोपली तशीच सोडून खाली आलो. मग म्हनलं, झाडं तिची, फळं तिची, ठिवत आसल. मी इचारलं नाय. इचारायचं कुणाला?’

त्यांनी भरलेली टोपली डोक्यावर घेतली आणि रिकामी तिच्या जागी ठेवली. मीठ आणि डाळीची पुरचुंडी पण ठेवली, अपू. मेलेल्या बहिणीसाठी. संस्थेचे अध्यक्ष सांडू भिल, ज्यांनी चिखलदऱ्याच्या रोपवाटिकेत मजुरी करून पहिली शंभर रोपं इथं आणली, ज्यांना कन्नडच्या बाजारात लोक ‘कापीवाला’ म्हणून हसायचे, ते पुरचुंडी ठेवून मागं न बघता खाली उतरले.

मी उद्या उजाडायच्या आधी तिथं जाऊन बसणार आहे.


उंबरदरा
२३ डिसेंबर २०२४

अपू,

आधी एक वाक्य लिहिते, नाहीतर पुन्हा राहून जाईल. तुझ्या मायनं फवारणी केली नव्हती.

आता काल काय झालं ते. आत्याच्या झोपडीच्या आडोशाला बसले होते. दरीत धुकं होतं. उजाडलं तसं झाडांमधे कुणीतरी हललं. डोक्यावरून पदर, कमरेला टोपली, आणि हाताची तीच लकब. फळ दोन बोटांत धरायचं, पिळायचं, अलगद सोडवायचं. मग खोकला. माझ्या तोंडून ‘आत्या’ निघून गेलं.

ती बाई दचकून खालीच बसली. सारजाकाकू होती.

‘तू व्हय गं,’ ती म्हणाली. ‘म्या म्हनलं तीच बोलली.’

सारजाकाकूनं आत्याविरुद्ध काय केलं होतं, ते तुला माहीत नसेल. अहवालानंतर तपासणीवाले पुन्हा चौकशीला आले तेव्हा तिनं सांगितलं होतं, ‘हिनं पंप पाठीला लावला, म्या माझ्या डोळ्यानं पाह्यलं.’ तीच आता गुडघे धरून बसली होती, बोटं फळांच्या रसानं चिकट झालेली.

‘काकू, तू कशाला तोडतेस ही फळं?’

‘ती येती,’ ती म्हणाली. ‘पहाटं दाराशी उभी ऱ्हाते. बोलत नाय, शिव्या देत नाय. म्या टोपली घिऊन निघाले का मागं मागं येती, हितं झाडांत शिरली का दिसत नाय. एक दिस कणकण व्हती म्हणून आले नाय, तर दिसभर चुलीपाशी बसून व्हती. भाकर थापता येईना मला.’ मग माझ्याकडं बघून म्हणाली, ‘तुझ्याकडं नाय येत?’

मी नाही म्हणाले.

‘येईल,’ ती म्हणाली आणि परत तोडायला लागली. आणि मी पण तोडायला लागले. बांधावरची पुरचुंडी काकूनं स्वतःकडं ठेवली नाही, जरा पुढं नेऊन दगडाखाली ठेवली. तिथं अशा पुरचुंड्यांचा ढीगच होता, मुंग्या लागलेल्या. ‘तिचं हाय ते,’ म्हणाली.

आता २०२२ चं. त्या पावसाळ्यात आत्याच्याही रानावरच्या, संस्थेबाहेरच्या आल्याच्या मळ्याचा बांध फुटला. तुला माहीत आहे, आल्याला किती औषधं मारतात ते. ते सगळं पाणी आत्याच्या रानातून वाहत नाल्यात आलं. आम्ही सगळ्यांनी उभं राहून पाहिलं. नोव्हेंबरमध्ये तपासणीवाल्यांनी पानांचे नमुने नेले, त्यात आत्याच्या झाडांची पानं होती. जानेवारीत अहवाल आला, औषध सापडलं.

खरं सांगायचं म्हणजे नाल्याचं पाणी खराब झालं असं सांगायचं. आणि सगळी घरं फळं धुतात ती टाकी त्याच नाल्यावर. म्हणजे सगळ्यांचं प्रमाणपत्र तीन वर्षं गेलं, फेअर ट्रेडचे, म्हणजे वाजवी भाव देणारे, खरेदीदार गेले, त्यांच्या जादा पैशातून चालणारी बालवाडी गेली. दहा वर्षं लावून वाढवलेलं सगळं. पण एका सभासदानं चोरून फवारलं असं लिहिलं, तर त्या एकालाच काढतात. संस्था वाचते.

बैठकीत कुणीतरी हे बोलून दाखवलं. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. सगळे आत्याकडं बघायला लागले. तिनं विचारलं, ‘माझ्या एकटीवर भागतंय न्हवं?’ बा मान खाली घालून बसले होते. ती म्हणाली, ‘मग लिव्हा.’ मी लिहिलं. तिनं अंगठा दिला.

आधी सगळ्यांना ठाऊक होतं की हे खोटं आहे. मग हळूहळू लोक ते विसरले. म्हणजे विसरले असं वागायला लागले. नळावर तिच्यासाठी जागा होईना. ‘हिच्यामुळं आपण सगळे जाणार व्हतो,’ असं बायका खरंच म्हणायला लागल्या. एकदा मी पण म्हणाले असेन. ती वरच्या झोपडीत राहायला गेली, ती मग गावात राहायला परत आलीच नाही.

तू मला फोन केला होतास, ‘खरं काय ते सांग’ म्हणून. मी म्हणाले होते, ‘हो, फवारलं तिनं.’

हे पत्र मिळाल्यावर तू काय करशील मला माहीत नाही.

विशाखा


मुकुंदवाडी
६ जानेवारी २०२५

अपू,

पत्र पोचलं असणार, पोचपावती आली आहे. तुझी सही ओळखली.

ऑगस्टचं लिहायचं राहिलं. राहिलं नाही, लिहिलं नाही.

ती जायच्या चार दिवस आधी इथं आली होती, शेडमध्ये. हे बाला पण माहीत नाही. कन्नडहून एसटी, मध्यवर्ती बसस्थानकावरून विचारत विचारत सिटी बस, तिथून चालत. भर दुपार होती, बाहेर रिमझिम. शटरपाशी कुणीतरी खोकलं म्हणून मी वर पाहिलं. भिजलेली होती. खूप बारीक झाली होती. हातात कापडी पिशवी.

मी ‘आत ये’ म्हणाले. ती पायरीवरच बसली, म्हणाली, ‘पाय चिखलाचे हायती.’

पिशवीत तिच्या रानातल्या बिया होत्या, तिनं स्वतः दगडावर घासून वाळवलेल्या. ‘विशे, येवढं भाजून दे,’ म्हणाली. ‘धा साल झाडं सांभाळली, पर माझी कापी मीच कधी पेली नाय. लोक म्हनायचे करवंदावानी लागती. बघू तर दे.’

खरंच आहे ना. आपल्याकडं पितो कोण? सगळे चहाच पितात.

मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. ‘आत्या, या भाजायच्या ड्रममध्ये बाहेरचा माल टाकता येत नाही. तपासणी असते.’

‘बाहेरचा?’ ती म्हणाली.

‘म्हणजे प्रमाणपत्र नसलेला.’

‘मूठभरच हाय.’

‘मूठभर असला तरी.’

नियम खराच आहे, अपू. कुणालाही विचार. पण खरा नियम मी कुणाला सांगत होते? फहमिदा तिकडून बघत होती. नंतर ती म्हणाली, ‘दीदी, मेरे घर के तवे पे भून देते ना.’ तवा. मला तवा सुचला नाही. खरं म्हणजे सुचायला नको होता. ती तिथं बसलेली मला बघवत नव्हती, लवकर जावी असं वाटत होतं.

थोडा वेळ ती ड्रम फिरताना बघत बसली. मग पिशवीचं तोंड बांधलं आणि ‘पाचची गाडी गावंल’ म्हणून उठली. मी रिक्षापर्यंत सोडायला गेले. ती खोकत होती. ‘औषध घेतलंस का?’ असं मी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता रिक्षावाल्याशी बोलायला लागले.

चार दिवसांनी बाचा फोन आला. झोपडीतून दोन दिवस धूर दिसला नाही म्हणून वर गेले होते.

हे आहे. शटरबाहेर कोण खोकतं, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

विशाखा


मुकुंदवाडी
१६ फेब्रुवारी २०२५

अपू,

तुझं काहीच आलं नाही. मी लिहायचं थांबवत नाही, कारण आता सांगण्यासारखं झालंय.

मी पुण्याच्या प्रमाणपत्रवाल्यांना सगळं लिहून कळवलं. बांध कसा फुटला, नोंद कशी खोटी केली, आणि काढलेल्या रानातली फळं दोन हंगाम आणि हा तिसरा, अध्यक्षांच्या गोणीतून कशी जात राहिली. सही केली, पाठवलं आणि मग उंबरदऱ्याला गेले. आधी विचारलं असतं तर त्यांनी थांबवलं असतं आणि मी थांबले असते.

गोदामात बैठक झाली. मी पत्राची नक्कल वाचून दाखवली. वाचून झाल्यावर बा उठले. ते कधी आवाज चढवत नाहीत.

‘आता ग्वाड झालीस व्हय?’ ते म्हणाले. ‘त्या दिशी ही वाट कुणी दाखवली? एकीचं नाव घाला, बाकीचे वाचतेत, हे कुणाच्या तोंडचं व्हतं? आमाला नियम कुठं ठावं? तू शिकलेली. तू बोललीस म्हणून आमी ऐकलं.’

डिसेंबरच्या पत्रात त्या बैठकीबद्दल मी ‘कुणीतरी’ लिहिलं होतं. ती मी, अपू. मी अहवाल वाचून दाखवला आणि त्याच दमात तोडगा सांगितला. रात्रभर नियमांचं पुस्तक वाचून आले होते. मला वाटलं होतं, मी गाव वाचवते आहे. आणि नाव कुणाचं घालायचं, हेही मला ठाऊक होतं. नमुना तिच्या रानातला होता, आणि ती नाही म्हणणार नाही, हेही.

सगळे ओरडायला लागले. कुणी म्हणालं, मेलेल्या बाईसाठी जित्या लेकरांच्या तोंडचं काढलं. सारजाकाकू भिंतीला टेकून उठली. ‘म्या खोटं बोलले व्हते,’ म्हणाली. ‘माझं नाव बी घाला त्यात. म्या पंप पाह्यला नाय. चंपीकडं पंपच नव्हता.’ कुणी तिच्याकडं पाहिलंही नाही. ती तशीच उभी राहिली, तिला खाली बसता येईना, मी जाऊन हात दिला.

निकाल मागच्या आठवड्यात आला. संस्थेचं प्रमाणपत्र रद्द. तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. खरेदीदारांनी माल थांबवलाय. त्यांचं पत्र नीट होतं, रागावलेलं नव्हतं, त्यामुळं जास्त लागलं. बालवाडीच्या बाईंना मार्चनंतर येऊ नका म्हणून सांगावं लागलं. बांनी अध्यक्षपद सोडलं. मला चिटणीस पदावरून काढलं, ते बरोबरच आहे. शेडची किल्ली मी फहमिदाकडं दिली.

बा माझ्याशी बोलत नाहीत. मी गेले की ते रानात जातात.

आत्याची नोंद मात्र खोडली. रजिस्टरमध्ये लाल शाईनं लिहिलं, ‘सदर सभासदाने फवारणी केलेली नव्हती.’ मला वाटलं होतं, ते लिहिलं की काहीतरी सुटेल. काल नवीन भाड्याच्या खोलीत भाजी चिरत होते, तर जिन्यात खोकला आला. दोनदा, मग एकदा.

विशाखा


छत्रपती संभाजीनगर
३० मार्च २०२५

अपू,

तू उंबरदऱ्याला येऊन गेलीस, हे सारजाकाकूनं फोनवर सांगितलं. तीन दिवस वरच्या झोपडीत राहिलीस म्हणे. रजिस्टर मागवून घेतलंस आणि मामाला, म्हणजे बाला, सगळ्यांसमोर खोट्या नोंदीचं आणि लाल शाईचं, अशी दोन्ही पानं मोठ्यानं वाचायला लावलीस. त्यांना वाचताना धाप लागली तर तू थांबलीस, पाणी दिलंस आणि म्हणालीस, ‘फुडं वाचा, मामा.’ काकू म्हणाली, सगळं रान पांढऱ्या फुलांनी भरलंय, वास गावापर्यंत येतो आणि त्या वासात कुणाला झोप लागत नाही. ती तुला भेटायला वर आली तर तू तिला जवळ बसवलंस. मला ते ऐकून तुझा हेवा वाटला आणि तिचाही.

आज तुझं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ आहे. ‘मायनं मला का नाही सांगितलं?’

मी सकाळपासून ते समोर ठेवून बसले आहे. याचं उत्तर जगात फक्त मला माहीत आहे. एवढी पत्रं लिहिली, पण हे प्रत्येक पत्रातून मी वगळलं. तू विचारलं नसतंस तर मी ते कधीच लिहिलं नसतं.

अंगठा देण्याआधी आत्यानं एक अट घातली होती. हळू आवाजात, फक्त मला, शाई पुढं करताना. ‘गावाला काय सांगायचं ते सांगा. माझ्या अपूला मातर तू खरं सांग. मला फोनवर नीट बोलता येत नाय, तू समजून सांग.’ मी ‘सांगते’ म्हणाले.

सांगितलं नाही. तू गप्प बसणारी नाहीस, हे मला माहीत होतं. तू दुसऱ्या दिवशी पुण्याला जाऊन उभी राहिली असतीस. म्हणून तू फोन केलास तेव्हा मी खोटं बोलले.

मग तू तिला फोन केलास. काय बोललीस ते तिनंच मला नंतर सांगितलं. ‘तू असं केलंच कसं, माय? मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.’ तू फवारणीबद्दल बोलत होतीस. तिला वाटलं, तुला सगळं ठाऊक आहे आणि अंगठा का दिलास, म्हणून तू रागावली आहेस. तिला तो राग पटला होता, अपू. ती मला म्हणाली होती, ‘बराबर हाय तिचं. शिकलेली हाय, तिला खोटं सोसत नाय. राग उतरंल तवा बोलंल.’ म्हणून तिनं तुला काही सांगितलं नाही. जे तुला ठाऊक आहे, ते काय सांगायचं? ती वाट बघत राहिली, तुझा राग उतरायची.

मी तेव्हाही तिला म्हणू शकले असते की, आत्या, अपूला काही माहीत नाही.

आणि ऑगस्टमधली ती दुपार. रिक्षात बसल्यावर तिनं माझं मनगट धरलं. बिया भाजायला दिल्या नाहीत, त्याबद्दल एक शब्द नाही. तिनं विचारलं, ‘विशे, अपूला तू सांगितलं व्हतंस न्हवं? सगळं, जसं झालं तसं?’

मी म्हणाले, ‘हो आत्या. सगळं सांगितलं.’

तिनं मनगट सोडलं. ‘मग झालं,’ म्हणाली. ‘तिला ठावं हाय, मग बाकीच्यांचं काय बी नाय.’

विशाखा